ओळखीचा घास

शर्वरी खातूच्या वर्गात मिक्सरला बंदी होती. चिपळूणला मार्कंडीतल्या तिच्या घराच्या पडवीत दर शनिवारी सकाळी दहाबारा आया आपापली तान्ही घेऊन जमत, आणि त्यांच्यातल्या एखादीने चुकून जरी मिक्सरचं नाव काढलं, तरी शर्वरी हातातली पळी खाली ठेवून तिच्याकडे असं काही बघे की ती बिचारी पुढचा तासभर तोंड उघडत नसे.

"हवा भरते गो त्यात!" शर्वरी म्हणे. "घास फुगतो, आणि मग बाळाचं पोट फुगतं. मोदकपात्र फक्त गणपतीत काढायचं, असं कुणी सांगितलं तुम्हाला? आणि पुरणयंत्र काय होळीची वाट बघत बसणार?"

मग लाल भोपळ्याच्या फोडी मोदकपात्रात वाफवल्या जात. गरम आहेत तोवरच त्या पुरणयंत्रातून फिरवल्या जात, आणि खालच्या पातेल्यात लोण्यासारखा मऊ केशरी गोळा उतरे. त्याला ती बाळघास म्हणे. शब्द तिचाच, आणि तो आपला आहे हे सांगायला ती विसरत नसे.

"घास कसा हवा? चमचा आडवा धरला तर बसून राहिला पाहिजे, उलटा केला तर पडला पाहिजे. ओघळला, तर ते कढण झालं. ते घरी नेऊन नवऱ्याला पाजा."

बायका हसत, आणि त्या हसत असतानाच तिचा हात नारळाच्या रसाकडे जाई. घट्ट रसाचा एक चमचा, शेवटी, अलगद. गाजर असो, रताळं असो, राजेळी केळं असो की चिकू, हा चमचा ठरलेला. कृती सांगताना ती त्याचा उल्लेखही करत नसे. भाताला पाणी लागतं हे कुणी सांगतं का?

यात एक गोष्ट मात्र आपल्या आज्यांच्या वेळी नव्हती. पडवीतल्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर जाणतं टोपडं होतं. दिसायला साधं, मऊ सुती, कुणाचं झालरीचं तर कुणाचं गोंड्याचं. पण त्याच्या अस्तरात केसापेक्षा बारीक चांदीच्या तारा विणलेल्या असत. त्या तारा बाळाच्या मेंदूत चाललेली खळबळ टिपायच्या आणि वाटीखालच्या बैठकीतल्या दिव्यांना कळवायच्या. पिवळा दिवा लागला म्हणजे बाळाला घास नको आहे. हिरवा लागला म्हणजे आवडला. निळा लागला म्हणजे काय, ते टोपड्यासोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असे, पण पुस्तिका कोण वाचतंय? आयांनी आपला सरळ अर्थ लावला होता. हिरवा म्हणजे पास, निळा म्हणजे पैकीच्या पैकी.

आणि शर्वरीच्या पडवीत निळा दिवा लागायचाच. पहिल्या घासाला लागायचा. घरी आयांच्या हातून हिरव्यावर अडलेली पोरं इथे आली की निळी व्हायची. त्यामुळे तिने फाटकावरच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'निळा दिवा लागणारच!'

अपवाद एकच होता, प्रणाली गावंडेचा शौर्य. प्रणाली अकोल्याकडची. नवरा रेल्वेत, बदली होऊन चिपळूणला आलेला. बाई बोलायला खणखणीत.

"ताई, माह्या पोराचा दिवा हिरवाच राह्यते. निळा काहून होत नाही?"

"टोपडं तपासून घे. तार तुटली असेल."

"दुसरं टोपडं आणलं ना. त्याचंही तसंच."

"मग त्याचीही तुटली असेल," शर्वरी म्हणाली, आणि पडवीभर हशा पिकला. प्रणालीही हसली, पण जरा कमी.

आता अशा बाईला स्वतःचं मूल होतं तेव्हा तिने काय काय बेत केले असतील! शर्वरी आणि तिचा नवरा निनाद यांनी मुलीसाठी फार वाट पाहिली होती. निनाद खाडीतल्या सौरबोटींची देखभाल करायचा, शांत माणूस, पण दत्तक देणाऱ्या संस्थेतून फोन आला त्या दिवशी तो गोवळकोटच्या धक्क्यावर बोटींना पेढे दाखवत फिरला म्हणतात. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या त्या संस्थेतून पाच महिन्यांची मंजिरी त्यांच्या घरी आली. मोठाले डोळे, उजव्या गालावर तीळ. जन्म दिलेल्या आईबद्दल काही सांगायचं नाही असा कायदा होता, आणि शर्वरीला काही विचारायचंही नव्हतं. ती आता आपली होती आणि विषय संपला होता.

सहावा महिना भरल्यावर उष्टावण झालं. पहिला घास मामाने भरवायचा, म्हणून शर्वरीचा भाऊ अमोघ रत्नागिरीहून रेशमी सदरा घालून आला. शर्वरीने तांदळाची खीर केली होती, अर्थातच नारळाच्या रसातली. अमोघने सोन्याची अंगठी खिरीत बुडवून मंजिरीच्या जिभेला लावली. मंजिरीने तोंड मिटलं. थोडा विचार केला. मग 'फुर्र' करून सगळी खीर मामाच्या सदऱ्यावर उडवली.

"अगो ताई, माझा सदरा!"

सगळे पोट धरून हसले. वाटीखाली पिवळा दिवा लागला होता, तो कुणी मनावर घेतला नाही.

पुढे मात्र हसू मावळलं. पपई झाली, पिवळा. भोपळा झाला, पिवळा. गाजर, रताळं, चिकू, अगदी शर्वरीचा हुकमाचा एक्का असलेलं वाफवलेलं राजेळी केळं. मंजिरी मान फिरवायची, ओठ घट्ट मिटायची, आणि जबरदस्तीने आत गेलेला घास जिभेने ढकलून बाहेर काढायची. बाटलीतलं दूध तेवढं घ्यायची, तेही उपकार केल्यासारखं. शर्वरी रोज नवं काही वाफवत होती, गाळत होती, आणि रोज ती भरली वाटी शेवटी निनादच्या पोटात जात होती. शनिवारच्या वर्गाला ती मंजिरीला आतल्या खोलीत निजवून ठेवायची. "झोपली आहे हो," असं सांगायची. सगळ्या गावाच्या पोरांना जेवायला शिकवणाऱ्या बाईची पोर जेवत नाही, हे ती कुठल्या तोंडाने सांगणार?

नववा महिना लागला आणि डॉक्टर फरीदा मुकादम यांनी वजनकाट्याकडे बघून चष्मा काढला. चिपळुणातली निम्मी पोरं त्यांनीच वाढवलेली, त्यामुळे त्या कुणाचीच भीड ठेवत नसत.

"शर्वरीताई, काटा हललेला नाही. रक्तही कमी आहे. या वयाला दुधावर भागत नाही, तिच्या पोटात अन्न गेलं पाहिजे. पुढच्या खेपेला वजन असंच राहिलं, तर नाकातून नळी घालून भरवावं लागेल."

शर्वरीने मंजिरीला छातीशी धरलं. एवढ्याशा नाकात नळी! ती घाबरली, आणि घाबरली की तिला राग यायचा.

"माझ्या वर्गातली पोरं वाटी चाटूनपुसून खातात, डॉक्टर. एकेकाला निळा दिवा लागतो. माझ्या हातात काही कमी आहे का?"

"तुमच्या हाताचा काय संबंध?" डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही टोपड्यासोबतची ती पुस्तिका वाचली होती का?"

शर्वरीने निनादकडे पाहिलं. निनादने छताकडे पाहिलं.

"हिरवा दिवा आवडीचा. निळा दिवा ओळखीचा. बाळ पोटात असतं तेव्हा भोवतालचं पाणी ते रोज गिळत असतं. आई जे खाते, त्याचा वास, त्याची चव त्या पाण्यात उतरते. बाहेर येण्याआधीच बाळाला आईच्या स्वयंपाकघराची ओळख झालेली असते. तीच चव पुन्हा जिभेवर आली की मेंदू म्हणतो, ही माझी. मग निळा दिवा लागतो. आता मला सांगा, चिपळुणातली कुठली बाई नऊ महिने नारळाशिवाय जेवली?"

इतकी वर्षं अख्ख्या चिपळूणच्या नारळांचं श्रेय ती एकटी लाटत होती तर! पाटीवरची ती ठळक अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि मागोमाग प्रणालीचा तो जरा कमी हसलेला चेहराही आला.

डॉक्टरांनी कपाटातून चवपेटी काढली. आत इवल्या इवल्या कुप्या होत्या, प्रत्येकीत एकेका चवीचा अर्क. कापसावर थेंब घ्यायचा, बाळाच्या नाकाखालून फिरवायचा, ओठाला जेमतेम टेकवायचा आणि दिव्याकडे बघायचं. नारळ पिवळा. कोकम पिवळा. जिऱ्याला दिवा नुसताच थरथरला. लसणाला फिकट निळा झाला, आणि डॉक्टर पुढे सरसावून बसल्या.

"आता पालेभाज्या बघू." त्यांनी पुढची कुपी उघडली.

वास शर्वरीच्या नाकात शिरला आणि तिने मान फिरवली. मंजिरीनेही मान वळवली, पण त्या कापसाच्या दिशेने. मोठाले डोळे आणखी मोठे झाले. महिनोन्महिने मिटून असलेलं तोंड आपणहून उघडलं, जीभ बाहेर आली, आणि "आं" असा हट्टाचा आवाज निघाला. बैठकीतला दिवा गडद निळा झाला होता.

"शेपू," डॉक्टर म्हणाल्या. "भरपूर शेपू खाल्लाय तिच्या आईने."

तिच्या आईने. डॉक्टर सहज बोलून गेल्या. शर्वरीला मात्र त्या निळ्या उजेडात पहिल्यांदाच दुसरी कुणीतरी बाई दिसली. शेपू निवडत बसलेली, पोट पुढे आलेली, बिनचेहऱ्याची. आपण ज्या मुलीला आंघोळ घालतो, निजवतो, जिच्या शिंकेला दचकतो, ती या बाईला ओळखते आणि आपल्याला नाही! शर्वरीला तिचा हेवा वाटला, आणि असा हेवा वाटला याची लगेच लाजही वाटली.

घरी येताना निनादने बाजारातून शेपूच्या दोन जुड्या घेतल्या. शर्वरीच्या घरात शेपू म्हणजे निषिद्ध वस्तू. लहानपणापासून तिला त्या वासाने मळमळायचं, भाजीवालीकडे शेपू दिसला तर ती रस्ता ओलांडून पलीकडून जायची.

"मला आवडतो शेपू," निनाद जुड्या सोडता सोडता म्हणाला.

"काय?"

"पहिल्यापासून. बोटीवर डबा खातो ना, रशीदच्या डब्यात असतो कधीकधी."

"आणि आज सांगतोयस? लग्नाला सहा वर्षं झाली!"

"तू कधी विचारलंस?"

नाकाला पदर लावून शर्वरीने शेपू निवडला. पाला तेवढा घेतला, काड्या टाकल्या. दुधीच्या फोडींबरोबर तो मोदकपात्रात वाफवला, पुरणयंत्रातून फिरवला. हिरवट घास उतरला, चमच्यावर बसणारा, उलटा केला तर पडणारा. मनगटावर टेकवून ऊब पाहिली. मंजिरी पाटावर बसली होती, टोपडं घालून. वाटी जवळ आली तसा निळा दिवा लागला, तोंड उघडलं, घास आत गेला. आणि दिवा पिवळा झाला. मंजिरीचं तोंड वाकडं झालं, ओठ थरथरले, घास बाहेर आला, आणि मग जे रडू फुटलं ते थांबेना. फसवलं गेल्यासारखं रडत होती पोर.

शर्वरी तिथेच जमिनीवर बसली. "मला नाही जमत," ती म्हणाली. "गावाला शिकवते आणि मला जमत नाही."

निनादने बोटाने वाटीतला घास चाखला. पुन्हा चाखला. "शर्वरी, यात नारळ आहे."

"छे! नारळ कुठे घातलाय?"

"आहे."

"अरे, शेवटी चमचाभर रस घातला. तो काय नारळ झाला?"

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. ओट्यावर रसाचं भांडं होतं, त्यात चमचा होता, आणि तो केव्हा उचलला, केव्हा ओतला, तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. निनाद हसला नाही, एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शर्वरीने पुन्हा केलं. या वेळी नारळाचा रस कपाटात कुलूपबंद ठेवला होता. तर हाताने गुळाचा खडा टाकला! तिने आपल्या उजव्या हाताकडे असं पाहिलं, जसं वर्गात मिक्सरचं नाव काढणाऱ्या बाईकडे पाहायची. हा हात ज्या चवीत वाढला होता तिच्याशिवाय त्याला काही येत नव्हतं, आणि पुढची तपासणी जवळ येत चालली होती. नाकातली नळी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. नारळाशिवाय रांधणारी बाई तिला एकच माहीत होती. मग तिने मंजिरीला कडेवर घेतलं, शेपूची जुडी पिशवीत टाकली आणि सरळ रेल्वेच्या वसाहतीत जाऊन प्रणाली गावंडेचं दार वाजवलं. शर्वरी खातू, दुसऱ्या कुणाकडे बाळघास शिकायला! वाटेत दोघीतिघी ओळखीच्या भेटल्या, त्यांनी "कुठे निघालात?" विचारलं, आणि तिने मान ताठ ठेवून सांगितलं, "शिकायला."

प्रणालीने दार उघडलं. पिशवीतून डोकावणारा शेपू पाहिला, शर्वरीचा चेहरा पाहिला, मंजिरीच्या काटकुळ्या हातांकडे पाहिलं. शर्वरीने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, निळ्या दिव्याचं खरं कारणही.

"म्हंजे माह्या पोराच्या टोपड्याची तार तुटली नव्हती?"

"नव्हती."

"मी तवाच म्हणत होती!" प्रणालीने कंबरेवर हात ठेवले. "दोन टोपडी घेतली ना बाई तुमच्यापायी." मग तिचा सूर उतरला. "या, आत या. पोरगी उपाशी हाय अन् आपण दारात काय बोलत बसलो?"

स्वयंपाकघरात तिने फर्मान सोडलं, "ताई, हात मांगं बांधा अन् तिथं उभ्या राहा. कशालाच हात लावायचा नाही."

शर्वरीने खरंच हात पाठीमागे बांधले. निनादने हे पाहिलं असतं तर फोटो काढून बोटीवर लावला असता. प्रणालीने मुगाची डाळ मऊ शिजायला टाकली, तिच्यात शेपूचा कोवळा पाला चिरून घातला, लसणाची एक पाकळी ठेचून टाकली. मीठ नाही, तिखट नाही, बाळाचं आहे. नारळ नाही, गूळ नाही. पुरणयंत्र तिच्याकडे नव्हतं, तिने पितळी चाळणीवर वाटीच्या बुडाने सगळं घोटून काढलं. मध्येच शर्वरीचा उजवा हात सुटला आणि पुढे आला, तेव्हा प्रणालीने त्यावर चापटी मारली.

घास ताटलीत निवत होता, तेव्हाच मंजिरी शर्वरीच्या कडेवर वळवळू लागली. टोपडं तिच्या डोक्यावर होतं, बैठक ओट्यावर होती, आणि घास तोंडात जायच्या आधीच दिवा निळा झाला. पहिला चमचा गेला. दिवा निळाच. गिळला. दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. मग मंजिरीला चमच्याचा वेग पुरेना, तिने ताटलीतच पंजा घातला आणि तो चोखत बसली. गालावर शेपू, तिळावर शेपू, टोपड्याच्या झालरीला शेपू. ताटली संपल्यावर तिने ती उलटी करून पाहिली.

शर्वरीच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"आता रडता काहून? पोरगी जेवली ना?"

"म्हणूनच," शर्वरी म्हणाली. "किती गो जेवली!"

पुढच्या तपासणीला डॉक्टर मुकादमांनी काट्याकडे पाहून चष्मा काढला नाही. "सरकला," त्या म्हणाल्या, आणि नळीचा विषय तिथेच मिटला. शर्वरीच्या मनावरचं ओझं उतरलं. जाता जाता तिने दवाखान्यातल्या परिचारिकेला, पुढच्या नंबरवाल्या बाईला आणि बाहेरच्या रिक्षावाल्यालाही मंजिरीचं वजन सांगून ठेवलं असतं, पण डॉक्टरांनी तिला थांबवलं.

"बसा. एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती विचारणं मला भाग आहे." त्यांनी दार लावून घेतलं. "मागच्या वेळी मी बऱ्याच कुप्या तपासल्या. शेपू, लसूण, जवस, आणि आणखी एक. किंचित खारट पाणी. असं पाणी सगळीकडे लागत नाही. विदर्भात पूर्णेच्या काठी एक पट्टा आहे, तिथल्या विहिरींचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारं. आणखी थोड्या कुप्या तपासल्या, तर हे टोपडं आपल्याला चारदोन गावांपर्यंत नेऊन पोचवेल. तिथून पुढे शोधणं काही अवघड नाही."

"कुणाला शोधणं?" निनादने विचारलं, पण त्याला कळलं होतं.

"कायद्याने आईचं नाव झाकून ठेवलंय. पण कायदा करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं की एक दिवस बाळाची जीभच पत्ता सांगेल. अजून यावर काही नियम नाही. म्हणून तुम्हीच सांगा. तपासू, की इथेच थांबू?"

शर्वरी मंजिरीकडे बघत होती. मंजिरी डॉक्टरांच्या टेबलावरचा कागद खायच्या बेतात होती.

"त्या बाईला कुणी विचारलंय का?" शर्वरीने विचारलं.

"नाही. तिला विचारायचं, तर आधी तिला शोधावं लागेल."

शर्वरीने मंजिरीच्या हातातला कागद सोडवून घेतला. मूल संस्थेत देऊन त्या बाईने आपल्या मागचं दार कशासाठी लावून घेतलं असेल, कुणास ठाऊक. कदाचित त्या दारामागे आता दुसरा संसार असेल, ज्याला यातलं काही माहीत नसेल.

"आत्ता नको," शर्वरी म्हणाली. "पण त्या कुप्यांचं उत्तर पुसूही नका. मोठी झाल्यावर हिने विचारलं तर?"

पुढच्या शनिवारी फाटकावरची पाटी बदलली होती. 'निळा दिवा लागणारच!' ही ओळ पुसलेली होती आणि तिथे नवं लिहिलं होतं, 'येताना सांगा, नऊ महिने काय खाल्लंत?' आया गोंधळल्या. शर्वरीने सगळ्यांसमोर काय ते स्पष्ट सांगितलं, मान खाली न घालता. "निळा दिवा माझा नव्हता, तुमचाच होता. पण घास मऊ मी केला, ते श्रेय मी सोडणार नाही. आणि मिक्सरला बंदी आहे ती आहेच."

मग अमोघला पुन्हा बोलावणं गेलं. खरं उष्टावण आता करायचं होतं. या खेपेला तो शहाणा होऊन जुना सदरा घालून आला. पडवीत सगळा वर्ग जमला होता, डॉक्टरही आल्या होत्या. शेपूचा घास प्रणालीने शिजवला होता, पुरणयंत्रातून शर्वरीने काढला होता. अमोघने नाक मुरडत अंगठी त्यात बुडवली.

"अगो ताई, मला खावा लागणार नाही ना हा?"

"गप भरव!"

मंजिरी अंगठी सोडेचना. दिवा निळा झाला आणि पडवीत टाळ्या पडल्या. शर्वरीची छाती अशी फुगली की निनाद हळूच म्हणाला, "हवा भरली गो."

त्याच दिवसापासून शर्वरीने आपलंही एक काम सुरू केलं. शेपूच्या वाटीत नारळाच्या रसाचा एक थेंब. चमचा नव्हे, थेंब. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "ओळख काय फक्त पोटातच होते? रोज भेटलं की होतेच." थेंबाचे दोन झाले, मग भोपळ्यात, मग केळ्यात. दिवा कधी पिवळा व्हायचा, कधी हिरवा. घाई करणं शर्वरीच्या स्वभावातच होतं, पण यात तिने केली नाही. आणि एका सकाळी राजेळी केळ्याच्या घासाला, ज्यात शेपूचा लवलेश नव्हता आणि नारळाचा अख्खा चमचा होता, दिवा निळा झाला. फिकट, पण निळा. मंजिरीने घास गिळला, शर्वरीकडे पाहिलं आणि चिकट हाताने तिची वेणी धरली.

तो निळा दिवा मात्र शर्वरीचा होता. तिचा स्वतःचा, कमावलेला.

तिने सगळ्यांना सांगितलं. निनादला बोटीवरून बोलावून दाखवला. अमोघला फोन केला, प्रणालीच्या दारात जाऊन सांगितलं, आळीतल्या प्रत्येक घराला सांगितलं. दुपारपर्यंत सांगायला कुणी उरलं नाही, तरी तिचं मन भरेना. मंजिरी झोपली होती, पोट गच्च भरलेलं, ओठांच्या कोपऱ्यात केळं. खुंटीला जाणतं टोपडं वाळत होतं. शर्वरी त्याच्याकडे बघत बसली तेव्हा तिला कळलं की सांगायचं एक माणूस राहिलंय, आणि ज्याला सांगितल्याशिवाय बाकीच्यांना सांगणं अपुरं आहे असं तेच एक माणूस आहे.

जेवते हो ती. वाटी उलटी करून बघते इतकी जेवते. तुमचा शेपू आणि माझा नारळ, दोन्ही ओळखते. एवढंच सांगायचं होतं. बढाई मारायची होती, पोटभर, एका आईने दुसरीपाशी मारावी तशी.

पण एवढंसं सांगण्यासाठी एखादीच्या लावून घेतलेल्या दारावर थाप मारायची? आणि नाही मारली, तर त्या खाऱ्या पाण्याच्या गावात ती बाई शेपूची जुडी हातात घेऊन रोज स्वतःला विचारत राहणार का, की माझी पोर आज जेवली असेल का?